मायचं वावर आणि माझं झेरॉक्स मशीन

नोव्हेंबर आला की माझ्या दुकानात म्हातारी माणसं जिवंत व्हायला येतात. हयातीचा दाखला काढायचा असतो, त्याशिवाय पेन्शन अडकते. परवा एक आजी आली. नवरा शिपाई होता, त्याच्यामागं तिला पेन्शन. काठी टेबलाला टेकवली आणि म्हणाली, "लेकरा, मी जित्ती हाय म्हनून कागद दी काढून." ती माझ्यासमोर उभी होती. ती जिवंत आहे याबद्दल आमच्या दोघांत काही वाद नव्हता. वाद मशीनचा होता. उजवा अंगठा लावला, नाही. डावा, नाही. जन्मभर खुरपं धरून रेषाच झिजलेल्या. मग ओल्या फडक्यानं बोटं पुसली, एकेक करून टेकवली, आणि सातव्या बोटाला आजी एकदाची जिवंत निघाली. मी तीस रुपये घेतले.

या तीस रुपयांवरच माझा प्रपंच चालतो, म्हणून आधीच कबूल करतो. सरकार या प्रकरणावर माझा फारसा विश्वास नाही, आणि पोट मात्र त्याच्यावरच आहे.

तालुक्याच्या कचेरीसमोर पत्र्याचं दुकान आहे. दहा बाय बारा. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, एक ल्यामिनेशनचं मशीन, पासपोर्ट फोटोसाठी निळा पडदा. सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा, रहिवासी, नॉन-क्रिमिलेयर, पीकविमा, फार्मर आयडी, काय म्हणाल ते. पंधरा वर्षं हेच करतोय. सरकारनं एखादा दाखला रद्द केला की मी तत्त्वानं खूश होतो आणि संध्याकाळी गल्ला मोजताना नाराज. एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपात आला तेव्हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फॉर्म भरले. २०२५ ला ती योजना गेली. शेतकऱ्याचं काय नुकसान झालं ते तोच जाणे, माझं झालं हे नक्की.

गावाकडं आमची कोरडवाहू जमीन आहे, बालाघाटाच्या उतारावर. पायथ्याला काळी, वर चढत गेलं की मुरमाड. त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजूंना मीच असतो. ई-पीक पाहणीचंच घ्या. आपला पीकपेरा आपणच मोबाईलवर नोंदवायचा, ही कल्पना २०२१ च्या पंधरा ऑगस्टपासून आली आणि मला ती मनापासून आवडली होती. तलाठी भाऊसाहेबांच्या मागं फिरायचं काम गेलं. पण आमच्या वावरात रेंज नाही. रेंज आहे ती टेकडावरच्या खंडोबापाशी. तिथं गेलं की ॲप म्हणतं, तुम्ही गटाच्या बाहेर आहात. वावरात उभं राहावं तर ॲप काहीच म्हणत नाही. गेल्या साली शेजारच्या काकांनी हातातला फोन माझ्यापुढं धरून विचारलं होतं, "सोयाबीन उचलून खंडोबाला नेऊ का?"

हा संशयाचा वारसा मला अण्णांकडून आला. अण्णा म्हणजे वडील. त्यांच्या छातीवर शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला असायचा, लग्नाकार्यातसुद्धा. १९८४ साली परभणीला संघटनेचं अधिवेशन झालं, तिथं ते ट्रकमध्ये उभं राहून गेले होते. मी चार-पाच वर्षांचा. परत आले ते आवाज बसवून. घरात दोनच नावं घेतली जायची, एक विठोबाचं आणि एक संघटना उभी करणाऱ्या शरद जोशींचं, आणि विठोबाशी अण्णांचे अधूनमधून मतभेद व्हायचे. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आलेला माणूस, हे त्यांना फार मोठं वाटायचं. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा मला बाराखडीच्या आधी पाठ होती. तिचा अर्थ कळायला मात्र बरीच वर्षं गेली. सरकारकडं मागू नका, सरकारला फक्त वाटेतून बाजूला व्हायला सांगा, असं सांगणारं आंदोलन आपल्याकडं क्वचितच झालं.

वाटेत येणं म्हणजे काय हे अण्णा कापसावरून सांगायचे. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. पिकवायचा तुम्ही, घ्यायचा फक्त सरकारनं, भाव सरकारचा, पैसे हप्त्याहप्त्यानं. राज्याबाहेर नेणं गुन्हा. माझी आत्या भोकरकडं दिली होती, तिथून आंध्राची हद्द जवळ. पलीकडं भैंशाला भाव बरा असला की लोक रात्री गाड्या जुंपायचे. आत्याच्या सासऱ्यांनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या, आवाज होऊ नये म्हणून. स्वतःच्या रानातला, स्वतः वेचलेला कापूस, आणि न्यायचा चोरासारखा. अण्णा हे सांगताना हसायचे. मी पुढं कॉलेजात गेल्यावर विचार करू लागलो, तेव्हा मला त्या घुंगरमाळांचं हसू येईना.

कापसाची एकाधिकार खरेदी गेली, पण खोड गेली नाही. १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा अजून आहे. तुरीला जरा भाव चढला की केंद्राला गरिबाच्या वरणाची आठवण होते. २ जून २०२३ ला तूर आणि उडदावर साठ्याची मर्यादा आली, ठोक व्यापाऱ्याला दोनशे टन, किरकोळ दुकानदाराला पाच. व्यापारी साठवू शकत नाही म्हणजे विकत घेत नाही, आणि घेत नाही म्हणजे माझी तूर त्याच्या दारात बसून राहते. भाव पडतो तेव्हा मात्र आठवण व्हायला कमिटी बसवावी लागते. त्यातून शेतीच्या कायद्यांविरुद्ध कोर्टात जावं, तर जमीन धारणेचा १९६१ चा सीलिंग कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन ठेवलेला. हे परिशिष्ट १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीनं आलं, आणि त्यात टाकलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या नावानं हात लावणं अवघड. अंबाजोगाईचे अमर हबीब आणि त्यांचं किसानपुत्र आंदोलन यावर वर्षानुवर्षं बोलतंय. शेतकरी आत्महत्यांच्या आठवणीत १९ मार्चला त्यांच्या हाकेवर मी जेवत नाही. बायको म्हणते, उपवास करा पण दुकान तरी उघडा.

मित्र मला विचारतात, मग तू नेमका कोण, अनार्किस्ट का? हा शब्द मराठीत आणला की लगेच जाळपोळ डोळ्यासमोर येते, कारण अराजक म्हणजे आपल्याकडं दंगल. पण गांधींनी १९१६ साली बनारसला, राजेमहाराजे समोर बसलेले असताना, मीही अराजकवादीच आहे, फक्त निराळ्या जातीचा, असं सांगून टाकलं होतं. मी हे आमच्या भाषेत असं समजतो. पूर्वी पिकात जागल्या ठेवायचे, रात्री गोफण घेऊन माळ्यावर बसणारा. लिबर्टेरियन माणूस म्हणतो, जागल्या असू द्या, चोर आला तर ओरडावं, बाकी काय पेरायचं, कधी कापायचं, कुणाला विकायचं यात त्यानं बोलू नये. अनार्किस्ट म्हणतो, जागल्या पण नको, आपण पाळीपाळीनं जागू. आणि आपल्याकडं झालंय असं की जागल्या माळ्यावरून खाली उतरला, कणसं खाऊ लागला, आणि आता मालकालाच विचारतो, "तुमच्याकडं या वावराचा काही पुरावा?"

मी बराच काळ दुसऱ्या मताचा होतो. पाळीपाळीनं जागणं मी बघितलेलं आहे. आमच्याकडं वारंगुळा चालायचा, आज तुझ्या पेरणीला माझे बैल, उद्या माझ्या पेरणीला तुझे. इर्जिक असायची, वीस-वीस नांगर एकाच्या रानात, आणि त्यानं फक्त जेवण घालायचं. रशियातला क्रोपोटकिन नावाचा एक सरदारपुत्र सायबेरियात फिरून आला आणि परस्परांच्या मदतीवरच जीवसृष्टी टिकते असं १९०२ मध्ये पुस्तकभर लिहून गेला. त्याला आमच्या गावच्या इर्जिकीला बोलावलं असतं तर बरं झालं असतं. पुरणपोळीही मिळाली असती.

आता बैल गेले, ट्रॅक्टर आले, तासाचा भाव ठरला. पण सप्ताह आहे. अखंड हरिनाम सप्ताह ज्यांनी मराठवाड्यात बघितला नाही त्यांना सांगतो, सरकारशिवाय काय होऊ शकतं याचं याहून मोठं प्रदर्शन मला ठाऊक नाही. तीनशे उंबऱ्यांचं आमचं गाव. सात दिवस, रोज दोन पंगती, काल्याच्या दिवशी पाच-सहा हजार पान उठतं. टेंडर नाही, समिती नोंदणीकृत नाही. कुणाची भाजी, कुणाचं तेल, कोणत्या गल्लीनं कोणत्या दिवशी भाकरी करायच्या, पाण्याचे टँकर कुणाच्या बोअरचे, हे सगळं पारावर तासाभरात ठरतं. पोरं वाढपी. स्वयंपाकाच्या काहिलीजवळ जो म्हातारा बसतो त्याला कुणी नेमलेलं नाही, पण मीठ त्यालाच विचारून पडतं. शेवटच्या दिवशी जमाखर्च भोंग्यावर वाचून दाखवतात, पाच रुपयांच्या उदबत्तीसकट. याच गावची ग्रामसभा पंधरा ऑगस्टला असते आणि तिला कोरम भरत नाही.

डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला की असंच. लाईटवाल्यांकडं अर्ज देऊन महिना काढण्यापेक्षा त्या डीपीवरचे बारा मोटारवाले वर्गणी करतात, जळका डीपी ट्रॅक्टरमध्ये टाकून स्वतः नेतात, दुसरा घेऊन येतात. कुणी याला आंदोलन म्हणत नाही. हरभरा वाळत असतो, एवढंच.

हं, पण एक गोष्ट लपवायला नको. सप्त्याची वर्गणी न देणाऱ्याचंही नाव भोंग्यावर येतं. "अमुक अमुक यांच्याकडून येणं बाकी." इन्कम टॅक्सच्या नोटिसीपेक्षा ते जास्त लागतं. नोटीस निदान पाकिटात येते.

बैलांवरून आठवलं. २०१५ च्या मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी कायद्याची व्याप्ती वाढली, गायीबरोबर बैल आणि वळूही त्यात आले. कायद्याच्या धर्माच्या बाजूवर मी बोलत नाही, माझ्या घरात माळकरी आहेत. त्याच वर्षी आमच्याकडं दुष्काळ. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तो दुष्काळ. कडबा सोन्याच्या भावानं. अण्णांची लाल कंधारी जोडी थकलेली, एकाचा खूर गेलेला. हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला नेली. आमच्याकडं जनावराचा बाजार म्हटलं की हाळीचा. दरवर्षी जे व्यापारी थकलेल्या जनावराकडंही बघायचे ते त्या साली नव्हतेच. ती जोडी विकली की त्यात भर घालून गोऱ्हे घ्यायचे, हे आमचं पिढ्यांचं गणित. जुना बैल ही शेतकऱ्याची ठेव असते, आणि ती एका सहीनं बुडाली. अण्णांनी जोडी परत आणली. नंतर दीड वर्षं पोसली. एक गोठ्यातच गेला, अण्णांनी त्याला वावरात पुरला. दुसरा कुणाला तरी फुकट दिला, "पोस बाबा" म्हणून, आणि तो माणूस कोण, काय, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. कायद्यानं माणूस असा घरातल्यांशीसुद्धा गप्प बसायला शिकतो.

पण मला सांगायचंय ते मायच्या वावराबद्दल.

शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती नावाचा कार्यक्रम दिला होता. वर्ष १९९० च्या आसपासचं. बायको जन्मभर शेतात राबते, तिचंच नाव कशावर नसतं, तर नवऱ्यांनी आपण होऊन थोडी जमीन तिच्या नावे करावी. कायदा नाही, अनुदान नाही, सक्ती नाही. घरातल्या लक्ष्मीचं देणं आहे, ते फेडा, एवढंच. ज्या गावात शंभर घरांनी हे केलं ते लक्ष्मीमुक्त गाव. मी दहा वर्षांचा होतो, मला ती सभा आठवते. गावच्या चावडीसमोर सतरंजी, गॅसबत्ती. एकेक माणूस उठायचा, एवढं एवढं वावर मी बायकोला दिलं म्हणायचा, आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. अण्णा उठले आणि म्हणाले, "विहिरीकडचं दीड एकर." आमच्यातलं चांगलं तेवढंच होतं. माय हसली नाही. घरी आल्यावर तिनं विचारलं, "शुद्धीवर बोललाव न्हवं?"

त्या दिवसापासून ते मायचं वावर. तिथं काय पेरायचं ते ती ठरवायची. अण्णांनी कापूस म्हटला, तिनं तूर आणि हरभरा धरला. माल विकला की पैसे तिच्या डब्यात. त्या डब्यातून म्हैस आली, बहिणीच्या बाळंतपणाचं झालं, आणि २००३ साली माझं एमएस-सीआयटी झालं. म्हणजे सरकारी फॉर्म भरणारं हे दुकान उभं आहे ते सरकारला न विचारता दिलेल्या दीड एकरावर. गावात पोरासोराला विचारा, मायचं वावर कोणतं, बोट दाखवतील. सालगड्यानं कधी बांध ओलांडताना विचारल्याशिवाय पाय टाकला नाही.

सातबाऱ्याला मात्र हे कळलं नाही. अण्णांनी तेव्हा अर्ज दिला होता. तो कुठं गेला कुणास ठाऊक. दोनदा हेलपाटे घातले, तिसऱ्यांदा चहापाण्याचं बोलणं निघालं, आणि बिल्लेवाल्या माणसानं चहापाणी करायचं नाही म्हणून विषय सोडून दिला. वर म्हणाले, "दिलं ते दिलं. कागदाला काय विचारायचं?" पुढं सरकारनंही लक्ष्मीमुक्ती या नावानं बायकोचं नाव सातबाऱ्याला लावायची सोय काढली. मी बाहेरगावी होतो, अण्णांना पुन्हा त्या कचेरीची पायरी चढायची नव्हती. राहून गेलं.

२०१९ ला अण्णा गेले. वारसाची नोंद लावायला मी स्वतः गेलो, दुसऱ्यांच्या नोंदी लावून देणारा मी. माय, मी, बहीण, तिघांची नावं सामायिक चढली. पंधरा दिवसांची नोटीस, हरकत नाही, मंडळ अधिकाऱ्यांची सही. इथवर ठीक. मग मी म्हटलं, विहिरीकडचं दीड एकर आईच्या एकटीच्या नावे करायचंय, ते तिचंच आहे, लक्ष्मीमुक्तीतलं. खुर्चीतल्या माणसानं चष्म्यावरून बघितलं.

"त्याला नवऱ्याचा अर्ज लागतो."

"ते वारले."

"मग ते त्यात बसत नाही."

"गाव साक्षीला आहे. शंभर माणसं होती सभेला."

"गावाचं कुठं अपलोड करू?"

माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, वाटणीचा दुसरा रस्ताही सांगितला. त्याच्या समोरच्या पडद्यावर गावाला जागा नव्हती, एवढंच. माझा सगळा संशय इथं येऊन थांबतो. भ्रष्टाचाराचं मला फार अप्रूप नाही. तो माणसाचा असतो, माणूस बदलला की कमीजास्त होतो. मला टोचतं ते हे की सगळ्या गावाला जे ठाऊक आहे ते खरं ठरवायला एका परक्याच्या हो-ची वाट बघावी लागते, आणि वाट बघता बघता आपल्यालाच वाटायला लागतं की खरंच, पुरावा काय? गेल्या वर्षी बहिणीनंच एकदा फोनवर विचारलं, "दादा, ते वावर मायचं म्हणजे नक्की कसं रे?" तिच्या मनात काही नव्हतं. पण हा प्रश्न तिला पंधरा वर्षांपूर्वी सुचला नसता.

वाटणीचं प्रकरण अजून चालू आहे. मोजणी, नकाशा, तारीख. मायला मी सांगतो, होईल. ती म्हणते, "तीस-पस्तीस वरसं मीच पेरलालेय. आता कोनाला इचारू पेरू का म्हनून?"

लाडक्या बहिणीचं तर काय सांगू. २०२४ च्या जुलैत दुकानापुढं बायकांची रांग रस्त्यापर्यंत. मी तत्त्वज्ञान गुंडाळून ठेवलं आणि फॉर्म भरले. मायला वयात बसता आलं नाही, पासष्टच्या वर गेली होती. बायकोनं माझ्याच दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवर, मी जेवायला गेलेलो असताना आपला फॉर्म भरला. मी म्हटलं, अगं, भीक नको म्हणणाऱ्याच्या घरात? ती म्हणाली, "युरियाच्या पोत्यापासून साबणापर्यंत घेतात तेव्हा भीक म्हणत नाहीत ना? दीड हजार परत आले तर मी मोजून घेणार." अण्णा असते तर उणे सबसिडीवर, म्हणजे सरकार शेतकऱ्याला देतं त्याहून जास्त काढून घेतं यावर, तासभर बोलले असते आणि शेवटी तिच्याच बाजूनं.

एवढं सगळं मी बरीच वर्षं मोठ्या ऐटीत बोलायचो. चहाच्या टपरीवर, व्हॉट्सॲपवर. सरकार बाजूला झालं की गाव आपोआप चालतं. मग एकदा मामांनी मला खाली बसवलं.

मामा म्हणजे नात्यातले नाहीत. आमच्याच गावचे, बौद्धवाड्यातले, सत्तरी उलटलेली. अण्णांबरोबर परभणीला त्याच ट्रकमध्ये होते. गावाच्या उत्तरेला गायरान आहे, गुरं चारायला राखलेली सरकारी जमीन, त्यातलं दोन एकर ते आणि मामी ऐंशीच्या दशकापासून कसतात. दगड वेचून, नाला बुजवून, हातानं केलेली जमीन. कागद नाही. कर्ज मिळत नाही, विमा नाही, गारपिटीचं अनुदान नाही. मी एकदा त्यांना म्हणालो, "मामा, खरे अनार्किस्ट तुम्हीच. कुणाला न विचारता रान केलं आणि खाल्लं."

ते चिडले नाहीत. बिडी विझवली आणि म्हणाले, "भाऊ, सप्त्याच्या पंगतीचं तू लई सांगतोस. आमची पंगत कुठं बसायची ते तुला आठवतंय का? का तुझा जन्म नंतरचा?"

मला आठवत होतं. माझ्या लहानपणीपर्यंत ती पाराच्या पलीकडं बसायची.

मग त्यांनी १९७८ सांगितलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव जुलैत झाला आणि मराठवाडा पेटला. मामांची गंज जळाली, त्यांच्या भावानं गाव सोडलं ते कायमचं. "जाळणारे सरकारी न्हवते," मामा म्हणाले. "गावचेच होते. पारावर ठरलं असंल तासाभरात." बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं होतं, ते मी वाचलेलं होतं, परीक्षेपुरतं. मामांनी ते वाचलेलं नसावं. त्यांना गरज नव्हती. गायरानात त्यांनी पहिला नांगर घातला तेव्हा गुरं सोडून पीक खाणारेही गावचेच. "तुला सरकार लई जवळ आलं म्हनून तरास हाय. मला ते कधी जवळ आलंच न्हाई. मला तो कागद पायजे. सातबारा म्हंजे काय माहितीय का? उद्या पाटलाचं पोरगं काठी घेऊन आलं तर त्याच्यापुढं धरायचं काहीतरी."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. मी म्हणतो, कागद देणाराच उद्या काठी घेऊन येतो. आणि तसं झालंही. २०२२ च्या शेवटी कोर्टाच्या आदेशावरून गायरानातल्या अतिक्रमणांना नोटिसा निघाल्या, गावोगाव घबराट. मामांनाही आली. ती नोटीस माझ्याच दुकानात मी त्यांना वाचून दाखवली. पुढं स्थगिती मिळाली. तेव्हा मला वाटलं होतं मामा म्हणतील, तू म्हणत होतास ते खरं. ते म्हणाले, "बघ, नोटिशीवर माझं नाव बरोबर लिव्हलंय. पहिल्यांदाच." आणि तिची झेरॉक्स काढून घेतली.

गेल्या आठवड्यात मामा पुन्हा आले. त्याच दिवशी मायही मोजणीच्या तारखेसाठी तालुक्याला आलेली, पुढं ढकलली म्हणून दुकानात पंख्याखाली बसलेली. सर्व्हर बंद होता, सकाळपासून. मामांनी कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी, तिच्यातून एक घडी घातलेला कागद. दंडाची पावती. १९८७ सालची. सरकारी जमिनीत विनापरवाना पीक घेतल्याबद्दल, अकरा रुपये.

गायरान नावावर करायचं असेल तर १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवावं लागतं. नुसत्या गावच्या साक्षीवर कचेरीत भागत नाही. अतिक्रमणाच्या नोंदवहीत, म्हणजे एक-ई ला, नाव पाहिजे, नाहीतर असली पावती. ज्या सरकारनं दंड केला त्याच सरकारचा दंड आता मामांच्या मालकीचा पुरावा. तेव्हा अकरा रुपये भरताना मामी रडली होती म्हणे, दोन दिवसांची मजुरी गेली होती.

"ल्यामिनेट करून दी भाऊ. घडीवर फाटलालीय."

मी म्हटलं, मामा, जुनी शाई आहे, गरम रोलरमधून घातली तर उडू शकते, आधी दोन झेरॉक्स काढू. त्यांनी मान हलवली. मी काचेवर पावती ठेवली, घडीची रेघ नीट दाबली. मशीन तापायला पाच मिनिटं लागतात. तोवर चहा सांगितला.

माय इतका वेळ गप्प होती. तिनं पावती हातात मागून घेतली, वाचता येत नाही तरी उलटीपालटी करून बघितली, शिक्का बघितला, मामांकडं बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "तुमचं बरं हाय. मला तर कोनी कधी दंडबी केला न्हाई."